पुनवेच्या बांबूचा पिंजरा

पोपटाला पिंजरा कसला घ्यावा, हे विचारायला आनंदीबाई सगुणेच्या पडवीत येऊन टेकल्या, तेव्हा सगुणा कुळीथ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं, बाईंना बसायला पाट दिला, गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी पुढे केलं. एवढं सगळं करताना तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, की देव उशीर करतो पण देतो.

आनंदीबाई म्हणजे झाडगावातल्या त्या आळीतलं मोठं प्रस्थ. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पोटी मूलबाळ नाही, मागे कौलारू घर आणि हापूसची कलमं. लग्न असो, बारसं असो, बारावं असो, बाईंवाचून पान हलत नसे. त्या चैत्रात वादळ झालं, परसातला शेंडा गेलेला माड आडवा झाला आणि त्याच्या ढोलीतून पोपटाचं एक उघडंबोडकं पिल्लू निघालं. दुसऱ्या कुणी ते मांजराला दिलं असतं. बाईंनी ते पदरात घेतलं आणि त्याचं नाव दादू ठेवलं. दादूला दूधभात, दादूला केळं, दादू झोपला म्हणून मोठ्याने बोलायचं नाही. पन्नाशी उलटल्यावर बाईंना पान्हा फुटला होता, असं आळी हसून म्हणायची.

आता दादूला पंख फुटले होते. कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली बाई त्याला ठेवत, तर त्याने डालगं कुरतडून भोक पाडलं होतं.

“कासार म्हणतो पितळी पिंजरा करून देतो,” आनंदीबाई म्हणाल्या. “माझा भाचा म्हणतो मुंबईहून बोटीने तारेचा पाठवतो. माझं डोकं चालत नाही बाई. तुझ्या माहेरी राघू होता ना? तू सांगशील तो घेते.”

“पितळ नको, अक्का. खारं वारं लागलं की कळंक चढतो. पितळेत आमटी कळकते, तिथे पाखरू दिवसभर चोच लावून बसणार. आणि तार दिवाळीपर्यंत गंजून तांबडी होईल.”

“मग?”

“बांबूचा घ्या. माझ्या बापसाचा राघू मरेपत्तूर बांबूतच होता.”

“अगो, पण हा कुरतडतो. डालग्याचं काय केलंन बघितलंस ना?”

“डालगं कोवळ्या कामट्यांचं. पिकल्या बांबूची पाठ निराळी. चोच घासून दमतो आणि गप बसतो. माझ्या माहेरचा भागोजी बुरूड करून देईल. मीच आणते.”

यातला एक शब्द खोटा नव्हता. सगुणेला खोटं बोलायची गरजच नव्हती. आनंदीबाई खुशीत उठल्या, जाताजाता तिच्या लेकीच्या, राहीच्या, डोक्यावरून हात फिरवून गेल्या, आणि तो हात बघून सगुणेच्या अंगाचा तिळपापड झाला.

कारण त्याच बाईने, त्याच गोड तोंडाने, राहीचं लग्न मोडलं होतं.

माघात चिपळूणची माणसं राहीला बघायला आली होती. मुलगा शाळेत मास्तर, घर मोठं नाही पण खाऊनपिऊन सुखी. मुलीला चालायला लावलं, बोलायला लावलं, तिच्या हातचे पोहे खाल्ले, आणि मुलाची आई तोंडभर हसून म्हणाली, नारळ ठेवायला येतो. सगुणेने मुंबईला नवऱ्याला पत्र टाकलं. मग आठवड्याभरात निरोप आला, की देवाचा कौल मिळाला नाही, राग मानू नये. देवापुढे कुणाचं चालतं? राही मुकाट्याने कामाला लागली. रात्री जेवण मात्र तिने पानावरून तसंच गाईला नेऊन घातलं.

शिमग्याला सगुणेची चुलतबहीण मथुरा आली. ती चिपळुणात दिलेली, मुलाच्या घराशी तिची ऊठबस होती. तिने सगुणेला गवताच्या उडवीमागे नेलं आणि सांगितलं, कौलबिल काही लावलाच नव्हता. ती माणसं परत जाताना आनंदीबाईंच्या ओटीवर पान खायला थांबली होती, लांबचं नातं म्हणून. मुलीची चौकशी केली. तर बाई म्हणाल्या, “पोर गुणाची हो. पण मधेच पडते कधीतरी. फेपरं की काय म्हणतात तसलं.”

फेपरं! राही जन्मात एकदाच पडली होती, नवरात्रात, निर्जळी उपास करून देवळात आरतीला उभी होती तेव्हा. तिच्या तोंडावर पाणी शिंपडायला आनंदीबाईच पुढे होत्या. तेवढ्यावर बाईंनी उचलली जीभ लावली टाळ्याला.

“कोणाजवळ बोलू नको,” सगुणेने मथुरेला शपथ घातली. “त्या घरात बोलली ती बोलली. बाहेर गेलं तर पोरीला उजवायला जागा राहायची नाही.” राहीलाही तिने काही सांगितलं नाही. आनंदीबाईंना जाब विचारला नाही. विचारला असता तर भांडण झालं असतं आणि भांडणाला कान असतात. लोक बाईंबद्दल म्हणायचे, तोंडाने फटकळ आहे पण मनाने वाईट नाही. हे ऐकलं की सगुणेला वाटायचं, मनाने वाईट नसलेल्या माणसांनी जेवढे संसार बुडवले तेवढे चोरदरोडेखोरांनीही बुडवले नसतील. तिने सगळं गिळलं आणि पोटात ठेवलं. पोटात ठेवलेलं जिरतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी सगुणेला बघितलेलं नाही.

आणि आता बाई आपल्या पायांनी चालत आली होती. तू सांगशील तो पिंजरा घेते म्हणाली होती.

बांबू तोडायचा तो काळोखात, म्हणजे अवसेच्या बाजूला, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. चांदण्यात तोडलेल्या बांबूत गोडी राहते आणि त्याला भुंगा लागतो. काळोखात तोडायचा, पऱ्याच्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचा, सावलीत सुकवायचा, मग त्याला हात लावायचा. असा बांबू बापाकडून लेकाकडे जातो. चांदण्यातला वर्षभरात आतून पीठ होतो, आणि बाहेरून बघाल तर कालच आणल्यासारखा.

वैशाखी पुनवेच्या आदल्या दिवशी सगुणा एस.टी.त बसून हातखंब्याला उतरली आणि भागोजीच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

“उद्या हो बाय, उद्या पुनव,” भागोजी म्हणाला. “आता बांबवाला कोयता लावू? अवसेपत्तूर थांब.”

“थांबायला येळ नाय. पाखराने घर डोक्यावर घेतलंय.”

“मंग माज्याकडचा घे. काळोखातला हाय, पऱ्यातनं काढून सुकवलेला.”

“तो काळवंडलेला. मला हिरवा पायजे, पिवळा पडला तरी झळकणारा. उद्या तोड, तेरवा विणायला घे.”

भागोजीने कोयता खाली ठेवला आणि तिच्याकडे नीट बघितलं. सगुणेचा बाप त्याचा जोडीदार. त्या बापाच्या लेकीला बांबूचं ठाऊक नाही, हे त्याला पटणं शक्य नव्हतं.

“कोनासाठी हाय?”

“आमच्या आळीतल्या बाईसाठी.”

“वाकडं हाय काय तिच्याशी?”

सगुणा हसली. “तुला काय करायचंय? पिंजरा कर.”

“करतंय. पन माजं नाव सांगू नको. भागोजीच्या हातचा पिंजरा साल नाय टिकला असं कोन बोलाय नको.”

पिंजरा मात्र त्याने असा केला, की बघत राहावं. वर घुमट, घुमटाला कळस, बारीक तासलेल्या कामट्या, आत दोन दांड्या, दाराला खुंटी. सगुणेने तो आळीत आणला तेव्हा बायका बघायला जमल्या. आनंदीबाईंनी तिला बसवून एका सवाष्णीकडून तिची ओटी भरवली, नारळ आणि खण दिला. म्हणाल्या, “सगुणे, माझ्या पोराला घर दिलंस.” सगुणेने खाली मान घालून ओटी घेतली. तिला हसू येत होतं आणि ते लपवायला खाली मान बरी पडली. तुम्ही माझ्या पोरीचं घर घेतलंत, ती मनात म्हणाली, आता तुमच्या पोराचं बघते.

पाप लागेल असं तिला वाटलं नाही. पाखरू मरणार थोडंच होतं? पिंजरा खिळखिळा झाला की उडून आपल्या जातभाईंत जाईल. पाखराला मोकळं करणं हे तर पुण्य. पाखराला पुण्य आणि बाईला जन्माची चुटपुट, एका दगडात दोन कामं. जे जिवाच्या पलीकडे जपलं ते एका सकाळी नाहीसं होतं म्हणजे काय होतं, एवढंच त्या बाईला कळायला हवं होतं. सगुणेला ते कळलं होतं, माघात.

पावसाळाभर सगुणा वाट बघत राहिली. नागपंचमीला आनंदीबाईंनी हळदीच्या पानातले पातोळे पाठवले, ते तिने गाईला घातले. बाई तापाने पडल्या तेव्हा ती पेज घेऊन गेली खरी, पण पेज पाजताना तिचा डोळा छपराच्या वाशाला टांगलेल्या पिंजऱ्यावर होता. गणपतीनंतर एके दिवशी पिंजऱ्याखाली जमिनीवर चिमूटभर पीठ पडलेलं तिने बघितलं. पिवळसर, मऊ. तिने पायाने ते पसरलं आणि घरी येऊन त्या दिवशी गोड शिरा केला. राही म्हणाली, “आज काय हाय?” सगुणा म्हणाली, “काय नाय. खावासा वाटला.”

एकच गोष्ट तिला आवडली नाही. राहीला त्या पोपटाचं वेड लागलं. चिपळूणचं मोडल्यापासून पोर घरात गप्प असायची. दादूजवळ गेली की तिची कळी खुलायची. सकाळ-संध्याकाळ ती आनंदीबाईंकडे जाई, त्याला मिरची देई, पेरू देई, शीळ घालायला शिकवी. आनंदीबाईंचे गुडघे दुखत, म्हणून पिंजरा काढणं, धुणं, दार लावणं सगळं राहीकडे आलं. सगुणा तिला सांगू लागली, जाऊ नको. राही विचारी, का? या ‘का’ला सगुणेकडे उत्तर होतं, पण देता येण्यासारखं नव्हतं.

दसऱ्याच्या सुमाराला आनंदीबाईंनीच विचारलं, “सगुणे, हे पीठ कसलं गो पडतं?”

“नवा बांबू अंग सोडतो, अक्का. गेरू लावा त्याला, छान दिसेल.”

तर दिवाळीला राहीनेच पिंजऱ्याला गेरू लावला. भोकं बुजली, पिंजरा नवरीसारखा लालचुटूक झाला. सगुणेने हळूच एका कामटीवर नख दाबलं. वरची साल तेवढी शाबूत होती, आत काही नव्हतं. आता आज का उद्या.

त्याच दिवाळीत आणखी एक गोष्ट झाली. आळीच्या टोकाला हौसा राहायची, तिच्या भावाचा मुलगा जयगडच्या बत्तीवर, दीपगृहात, नोकरीला लागला होता. सरकारी नोकरी, दर्यावरचं वारं, राहायला जागा. विहिरीवरून येताना हौसा रोज सगुणेच्या दारात थांबे आणि राहीकडे बघत बसे. शेवटी तिने तोंड उघडलं. “पौषात नाय बोलायचं काय. माघात भावाला घेऊन येतंय. मी कोनाकडे चौकशी काय करनार? पोर माझ्या डोळ्यांसमोर वाढली.” सगुणेला त्या रात्री झोप लागली नाही. आनंदाने. चौकशी नाही म्हणजे आनंदीबाईंचं पान नाही, आणि पान नाही म्हणजे ते वाक्य नाही. एका बाजूला पोरीचं जमत होतं, दुसऱ्या बाजूला बाईंचा पिंजरा पोकळ होत होता. देव दोन्ही हातांनी देत होता.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी विहिरीकडून आरडाओरडा ऐकू आला.

सगुणा चुलीपुढे होती. आवाज आनंदीबाईंचा. तिने भाकरी तव्यावर टाकली होती ती तशीच टाकून ती धावली, आणि खरं सांगायचं तर धावताना तिचं मन नाचत होतं. गेला! गेला दादू!

विहिरीवर आळीतल्या निम्म्या बायका होत्या. आनंदीबाईंचे केस मोकळे, पदर खांद्यावरून घसरलेला, हातात लाल पिंजरा. दार सताड उघडं होतं. फणसाच्या झाडाकडे बघून त्या “दादू, दादू” हाका मारत होत्या, आणि फणसावर कावळेच तेवढे होते. सगुणेने ते डोळे भरून बघून घेतलं. वैशाखापासून तिने ज्याची वाट बघितली ते हेच होतं, आणि ते मनात धरलं होतं त्याहूनही सरस होतं.

मग आनंदीबाई वळल्या. राही कळशी घेऊन उभी होती, रडकुंडीला आलेली.

“तू टाकलंस दार उघडं,” बाई म्हणाल्या. “काल संध्याकाळी शेवटचा हात तुझा.”

“नाय काकी. मी खुंटी लावली होती.”

“लावली असती तर उघडलं कसं? मी तुझ्यावर सोपवला गो त्याला. तुझं भान कुठे असतं?”

“लावली होती,” राही पुन्हा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

तुझं भान कुठे असतं. सगुणेच्या कानात ते शब्द तापल्या तेलासारखे गेले. आता पुन्हा? चार बायकांपुढे? हौसापुढे? तिने पुढे होऊन बाईंच्या हातातून पिंजरा हिसकावला. दाराची चौकट अंगठ्याने दाबली. गेरूचा पापुद्रा फुटला आणि कामटी पीठ होऊन तिच्या बोटांतून खाली सांडली.

“दार नाय उघडं टाकलंन तिने,” सगुणा म्हणाली. “खुंटी धरायला लाकूडच नव्हतं उरलेलं. बघा. सगळ्यांनी बघा. भुंग्याने खाल्लाय. पुनवेला तोडायला लावला मी हा बांबू. बुरूड नको म्हणत होता, तरी लावला. पाण्यात घालू दिला नाय. पीठ पडायला लागलं तेव्हा गेरू मीच लावायला सांगितला. मी घालवला तुमचा दादू.”

रहाटावरची दोरी कुणीतरी धरून ठेवली होती ती तशीच धरलेली राहिली.

“तू?” आनंदीबाई म्हणाल्या. “का गो? माझं काय चुकलं?”

हा प्रश्न सगुणेला हवाच होता. रात्रीरात्री अंथरुणात तिने त्याचं उत्तर घोळवलं होतं. मनात ते नेहमी बंद दाराआड दिलेलं असायचं, पण आता तिला दार दिसत नव्हतं, माणसं दिसत नव्हती. फक्त ती बाई दिसत होती.

“माघात चिपळूणची माणसं तुमच्या ओटीवर पान खायला बसली. तेव्हा काय सांगितलंत त्यांना? माझ्या राहीला फेपरं येतं म्हणून सांगितलंत. ठरलेलं लग्न मोडलंत. उठून पान खाल्लंत आणि झोपलात. माझी पोर पानावरून उपाशी उठायची, अक्का. आता तुम्ही हाका मारा फणसाला. येतो काय बघा.”

आनंदीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, शरमही नव्हती. त्या आठवून बघत होत्या. मनापासून आठवत होत्या, कपाळाला आठ्या घालून, हरवलेली किल्ली आठवावी तसं.

“मी असं बोलले?” त्या म्हणाल्या. “देवळात पडली होती ते आठवतं. बोलले असेन बाई. मला नाही आठवत.”

आणि त्यांनी पुन्हा फणसाकडे तोंड फिरवलं.

सगुणेच्या हातातला पिंजरा एकदम हलका झाला. जिच्यासाठी तिने शिमग्यापासून रक्त आटवलं होतं, तिच्या लेखी ते घडलंच नव्हतं. पानाबरोबर चघळून थुंकलेली गोष्ट. सूड घ्यायचा तर तो ज्याच्यावर घ्यायचा त्याला निदान ठाऊक तरी हवा. बाई रडत होत्या, पण पोपटासाठी रडत होत्या. सगुणेचा त्या रडण्यात वाटाच नव्हता. तिला वाटलं, त्या पांढऱ्या केसांना धरून बाईंना गदागदा हलवावं आणि ओरडावं, आठव, मेल्ये, आठव.

तेवढ्यात मागून कुणीतरी हळूच बोललं. हौसाच होती. भरलेली कळशी तिने कमरेवरून खाली ठेवली होती.

“फेपरं येतं काय गो हिला?”

“नाय गो, नाय,” सगुणा गर्रकन वळली. “एकदा पडली होती, उपासाने. ही बाई काय पण बोलली. खोटं हाय ते, म्हणून तर मी...”

“नाय, नाय. मी आपली इचारलं.” हौसाने राहीकडे बघितलं. रोज दारात थांबून बघायची तसं नव्हे. पायापासून डोक्यापर्यंत, बाजारात गाय बघावी तसं बघितलं. दुसऱ्या बायकाही बघत होत्या. कुणी तोंडाला पदर लावला होता. एकीने आपल्या लेकीला जवळ ओढून घेतलं होतं. “नवरात्रात पडली होती ती मी पण बघितली होती,” एक म्हणाली. “तेव्हा वाटलं उपास असेल.” हौसाने कळशी उचलली. “माघात भाऊ यायचा होता, बघू. त्याचं काय नक्की नाय,” असं ती कुणाकडेही न बघता म्हणाली आणि चालू लागली.

सगुणा तिच्यामागून दोन पावलं गेली. काय म्हणणार? खोटं आहे हे ती जितक्यांदा सांगेल तितक्यांदा तोच शब्द तिच्या तोंडून निघणार होता. तिच्या बोटांना गेरू लागला होता. तिने ती लुगड्याला पुसली.

राहीचं रडू थांबलं होतं. तिने आईकडे बघितलं आणि कौल कुणी लावला नव्हता हे तिला समजलं, आणि बाकीचंही समजलं.

“आये,” ती म्हणाली, “काकी एका घरात बोलली होती. तू आळीत सांगितलंस.”